घरातला धाक आणि मोबाइलमधले जग

रायपूरच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात छत्तीसगडात आलेली आणि पुढे नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने येतच राहिलेली मराठी कुटुंबे गणेशोत्सवाला, नाटकाला, हळदीकुंकवाला एकत्र येतात. अशा वस्त्यांना एक जुनी सवय असते. रस्त्यात खेळणारे मूल कोणाचे, हे दहा घरांना ठाऊक असते. अनोळखी माणूस फाटकाशी रेंगाळला, तर समोरच्या घरातील आजी गॅलरीत येऊन ‘कोण पाहिजे?’ असे विचारतात. या पहाऱ्यासाठी मुलाच्या आईवडिलांनी कोणाला नेमलेले नसते आणि कोणी त्याचे मोलही मागत नाही.

हा पहारा मोबाइलपाशी येऊन थांबतो. त्याच घराच्या मागच्या खोलीत चौदा वर्षांची मुलगी मोबाइल हातात घेऊन बसलेली असते, तेव्हा तिच्याशी कोण बोलत आहे, हे समोरच्या आजींना दिसत नाही आणि स्वयंपाकघरातल्या आईलाही दिसत नाही. ज्या संकेतस्थळांवर माणसे आपले नाव, छायाचित्र, आवडीनिवडी मांडतात आणि ओळखीच्या व अनोळखी लोकांशी मैत्री जोडतात, त्यांना सोशल नेटवर्किंग साइट किंवा समाजमाध्यमे म्हणतात. मुले तेथे वावरतात म्हटल्यावर पालकांची प्रतिक्रिया बहुधा दोनपैकी एक असते. काही पालक म्हणतात, ‘आम्हांला त्यातले काही कळत नाही, मुलांनाच जास्त कळते.’ काही म्हणतात, ‘काही वेडेवाकडे दिसले तर फोनच काढून घेईन.’ पहिल्या वाक्यात हताशपणा आहे, दुसऱ्यात धाक आहे. दोन्हींचा परिणाम मात्र एकच होतो. संकटाच्या वेळी मूल एकटे पडते.

हा प्रश्न काल-परवाचा नाही. गूगल कंपनीने जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट नावाचे संकेतस्थळ सुरू केले. ज्या अभियंत्याने ते घडवले, त्याचेच नाव त्याला दिले होते. भारतातील तरुणांनी ते डोक्यावर घेतले. तेथे प्रत्येकाची एक वही असे आणि तिच्यात मित्र चिठ्ठ्या लिहीत. आरंभीच्या काळात ही वही कोणालाही उघडून वाचता येत असे. वाढदिवस कधी, शिकवणी कोठे, संध्याकाळी कोठे भेटायचे, हे सारे त्या चिठ्ठ्यांत असे. मुलांना ती आपली खासगी वही वाटे. प्रत्यक्षात ती चौकातल्या फळ्यासारखी होती.

ऑगस्ट २००७ मध्ये मुंबईतील एका सोळा वर्षांच्या मुलाचे अपहरण झाले. दोन कोटी रुपयांची खंडणी मागण्यात आली आणि पुढे त्या मुलाचा मृतदेह सापडला. वृत्तपत्रांनी या घटनेचा संबंध ऑर्कुटवरील ओळखींशी जोडला. त्या दिवसांत अनेक घरांत ऑर्कुट या शब्दाचीच धास्ती बसली. खटला चालला आणि २०१२ मध्ये न्यायालयाने पुराव्याअभावी चारही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. त्यामुळे त्या मुलाच्या बाबतीत नेमके काय घडले, याविषयी ठाम निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. परंतु त्या वेळी झालेली चर्चा आठवण्याजोगी आहे. तिचा सारा भर त्या एका संकेतस्थळावर होता. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. मुले त्याआधीच फेसबुकवर गेली होती, पुढे व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामवर गेली. संकेतस्थळाचे नाव बदलले. मुलाने अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवावा आणि कसा ठेवू नये, हा प्रश्न होता तेथेच राहिला.

बदल झाला तो दुसऱ्याच ठिकाणी. ऑर्कुटच्या काळात मुले सायबर कॅफेत जात. तेथे वेळेचे पैसे पडत, आजूबाजूला माणसे असत आणि ठरावीक वेळी उठावे लागे. घरात संगणक आला, तेव्हा तो बैठकीच्या खोलीत ठेवला जाई. येता-जाता कोणाची तरी नजर पडे. मोबाइलला अशी जागाच नाही. तो दप्तरात असतो, उशाखाली असतो. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि २०२० मध्ये महामारीने शाळा बंद केल्या. त्या वर्षी एप्रिल महिन्यात छत्तीसगड शासनाने ‘पढ़ई तुंहर दुआर’, म्हणजे ‘शिक्षण तुमच्या दारी’, हा कार्यक्रम सुरू केला. धडे, चित्रफिती, वर्ग सारे मोबाइलवर आले. ज्यांच्या घरी एकच साधा फोन होता, त्यांनीही उधारउसनवार करून मुलांसाठी स्मार्टफोन घेतला. म्हणून ‘मुलांना मोबाइलचे वेड लागले’ असे म्हणताना पालकांनी थोडे थांबायला हवे. पुष्कळ घरांत तो मुलाच्या हाती मोठ्यांनीच, शिक्षणासाठी, आणि काहीशा अभिमानाने दिला होता. शिक्षण दारी आले, त्या दारातून आणखी कोण येईल, याचा विचार करायला तेव्हा कोणालाच सवड नव्हती.

मुलांना फसवणारा माणूस बहुधा आरंभी धमकावत नाही. तो कौतुक करतो. मुलीने काढलेल्या रांगोळीचे, मुलाने खेळलेल्या क्रिकेटचे तो भरभरून कौतुक करतो. आपणही नववीतच आहोत, असे सांगतो. नाव, वय, चेहरा, यांतले काहीच खरे असेल असे नाही. मग तो आपले दुःख सांगतो: ‘माझे बाबा फार मारतात’, ‘मला कोणी समजून घेत नाही’. त्या वयात हे वाक्य कोणत्याही मुलाला आपलेसे वाटते. काही दिवसांनी बोलणे सर्वांना दिसणाऱ्या जागेवरून खासगी संदेशांत जाते. मग एक अट येते, ‘हे आपल्या दोघांतच राहू दे.’ ही अट लहानशी दिसते. पण मुलाला घरापासून तोडण्याचे काम तीच करते. यानंतर एखादे छायाचित्र मागितले जाते. आधी साधे, मग तसे नसलेले. मूल कचरले तर रुसवा, विनवणी, शपथा. आणि छायाचित्र एकदा हाती आले की भाषा बदलते. ‘आणखी पाठव, नाहीतर हे तुझ्या वडिलांना पाठवीन, शाळेच्या ग्रुपवर टाकीन.’ मुलांच्या बाबतीत, म्हणजे मुलग्यांच्या बाबतीत, अनेकदा पैसे मागितले जातात. मुलगा आहे, त्याला काय होणार, असे समजणारे पालक येथे चुकतात.

या धमकीकडे नीट पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. छायाचित्र त्या माणसाजवळ आधीपासूनच असते. धमकी असते ती ते वडिलांना दाखवण्याची. मुलाला फसवणाऱ्यापेक्षा घरचे काय म्हणतील, याची अधिक भीती वाटते, हे त्या माणसाला पक्के ठाऊक असते. तो त्या भीतीच्या जोरावरच आपला कारभार चालवतो. ज्या घरात ‘असे काही केलेस तर तंगडी मोडून ठेवीन’, ‘शाळा बंद करीन’, ‘लग्न लावून देईन’ अशी वाक्ये सहज बोलली जातात, त्या घराने त्याचे अर्धे काम आधीच करून ठेवलेले असते. मूल दुसरे छायाचित्र पाठवते, आईच्या पर्समधून पैसे काढते, रात्र-रात्र जागते. पण सांगत नाही. काही मुले यातून जिवावर उदार होतात. पालकांचा धाक प्रेमातून आलेला असतो, यात शंका नाही. तरीही त्याचा उपयोग कोणाला होत आहे, हे तपासायला हवे.

धोका नेहमी दूरच्या अनोळखी माणसाकडूनच येतो, असेही नाही. वर्गातल्याच मुलांनी एखाद्याला वगळून काढलेला ग्रुप, त्यात ठेवलेली टोपणनावे, रंगावरून किंवा बोलण्याच्या ढंगावरून केलेली चेष्टा, हे सारे शाळा सुटल्यावरही चालू राहते. पूर्वी चिडवणारी मुले शाळेच्या फाटकाशी सुटत; आता ती रात्री अंथरुणापर्यंत येतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी तर साध्या चेहऱ्याच्या छायाचित्रावरून खोटे, अश्लील छायाचित्र तयार करणे सोपे केले आहे. म्हणजे मुलीने काहीही चूक केलेली नसतानाही तिचे असे चित्र फिरू शकते. ‘तू पाठवलेच का?’ हा पहिला प्रश्न अशा वेळी किती निरर्थक ठरतो, हे वेगळे सांगायला नको.

‘आम्हांला त्यातले काही कळत नाही’ या वाक्याकडे आता वळता येईल. हे वाक्य बोलणारी आई कदाचित सातवीपर्यंत शिकलेली असते. ती शिवणकाम करते, किंवा वडील किराणा दुकानात बसतात. मोबाइलची बटणे तिला कळत नसतील. पण माणसे कळतात. उधारी मागायला येणारा कोणत्या गोडव्याने बोलतो, जरुरीपेक्षा जास्त स्तुती करणाऱ्याच्या मनात काय असते, ‘घरी सांगू नका’ म्हणून योजना गळी उतरवणारा एजंट पुढे काय करतो, हे तिने आयुष्यात पाहिलेले असते. समाजमाध्यमांवरील फसवणुकीत यंत्र नवे आहे, माणसाची लबाडी जुनीच आहे. बटणे मुलाने आईला शिकवावीत आणि माणसे आईने मुलाला शिकवावीत, असा हा व्यवहार बरोबरीचा होऊ शकतो. ‘हा तुझा मित्र कोण? त्याला प्रत्यक्ष कोणी पाहिले आहे? तो गुपित ठेवायला का सांगतो?’ एवढे तीन प्रश्न विचारायला संगणकाचे ज्ञान लागत नाही. ते चौकशीच्या सुरात न विचारता भाजी निवडताना, जेवताना, शाळेतल्या मैत्रिणीविषयी विचारावे तसे विचारले, तर उत्तरेही मिळतात.

काही तांत्रिक गोष्टी मात्र पालकांनी समजून घेतल्याच पाहिजेत, आणि त्यांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जन्मवर्ष. बहुतेक समाजमाध्यमांवर खाते उघडण्यासाठी तेरा वर्षांची अट आहे. तेराव्या वर्षी मूल शहाणे होते, असा काही शोध लागल्यामुळे ही अट आलेली नाही. अमेरिकेने १९९८ मध्ये एक कायदा केला. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करू नये, असे त्याने संकेतस्थळांना बजावले. संमती मिळवण्याची यातायात नको म्हणून बहुतेक कंपन्यांनी त्या वयाखालील मुलांना प्रवेशच नाकारला. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल मानली आहे. व्यवहारात काय होते? दहा वर्षांचा मुलगा खाते उघडताना जन्मवर्ष मागे नेतो आणि क्षणात पंचवीस वर्षांचा होतो. पुष्कळदा वडीलच शेजारी बसून ते वर्ष भरून देतात.

ही थाप निरुपद्रवी वाटते. ती तशी नाही. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांसाठी वेगळ्या प्रकारची खाती जाहीर केली आणि २०२५ मध्ये ती भारतातही आणली. अशी खाती आपोआप खासगी राहतात, अनोळखी माणसांना त्यांवर संदेश पाठवता येत नाहीत, आणि सोळा वर्षांखालील मुलाला ही बंधने सैल करायची असतील तर पालकांची परवानगी लागते. परंतु हे सारे संरक्षण खात्यात नोंदवलेल्या वयावर अवलंबून असते. कागदोपत्री पंचवीस वर्षांच्या झालेल्या दहा वर्षांच्या मुलाला त्यातले काहीही मिळेल, अशी खात्री देता येत नाही. त्याला मोठ्या माणसांसाठीच्या जाहिराती आणि मोठ्या माणसांचे संदेश दिसू लागतात. मुलाच्या खात्यात कोणते जन्मवर्ष आहे, हे आज संध्याकाळी पाहणे कोणत्याही पालकाला शक्य आहे.

दुसरी गोष्ट पालकांच्या स्वतःच्या वागण्याची आहे. दहावीचा निकाल लागला की अनेक वडील अभिमानाने मुलीची गुणपत्रिका समाजमाध्यमावर टाकतात. तीवर तिचे पूर्ण नाव, आईवडिलांची नावे, शाळा, बैठक क्रमांक आणि पुष्कळदा जन्मतारीख असते. गणेशोत्सवातील स्पर्धेत बक्षीस मिळाले की गणवेशातले छायाचित्र येते. गणवेशावर शाळेचे बोधचिन्ह असते, मागे घराचे फाटक आणि त्यावरची पाटी असते. शिकवणीला सोडताना काढलेल्या छायाचित्रात स्कूटीचा क्रमांक असतो. ज्याला मुलीशी ओळख वाढवायची आहे, त्याला आता अनोळखी राहण्याचे कारणच उरत नाही. ‘मी तुझ्या मावसबहिणीचा मित्र, तुझ्या बक्षिसाचे ऐकले’ एवढे बोलण्याइतकी माहिती तिच्याच घराने पुरवलेली असते. मुलांना सावधगिरी शिकवणाऱ्या मोठ्यांनी स्वतःच्या खात्याकडे एकदा परक्याच्या नजरेने पाहिले, तर बरेच काही काढून टाकावेसे वाटेल.

बंदीचा मार्ग अनेकांना सोपा वाटतो. यवतमाळ जिल्ह्यातील बांसी या गावच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास मनाई करणारा ठराव केला आणि त्याची देशभर चर्चा झाली. ऑस्ट्रेलियाने तर सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येऊ नये, असा कायदा केला. १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. तेथे ही जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे, मुलांना किंवा पालकांना शिक्षा नाही, हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कंपन्यांना जाब विचारणारा कायदा हवाच. मात्र घरातली बंदी वेगळी असते. ज्या मुलाला फोनच नाही, असे घरच्यांना वाटते, ते मूल मित्राच्या फोनवरून दुसऱ्या नावाने खाते चालवते. तेथे काही बिघडले, तर ते बंदी मोडल्याचा गुन्हा आधी कबूल केल्याशिवाय घरी बोलूच शकत नाही.

त्यापेक्षा सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये जे केले, ते अधिक विचारपूर्वक केलेले दिसते. कडेगाव तालुक्यातील या गावात संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास घरोघरी दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. या वेळात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलायचे. यातली मोलाची बाब ही, की नियम मोठ्यांनाही लागू होता. वडील स्वतः चित्रफिती पाहत बसले आहेत आणि मुलाला मोबाइल ठेवायला सांगत आहेत, हे दृश्य तेथे निदान दीड तास तरी दिसले नाही. अर्थात दीड तासाने मुलांची सुरक्षितता सिद्ध होत नाही. उरलेले साडेबावीस तास असतातच. परंतु रोज दीड तास ज्या घरात माणसे एकमेकांशी बोलतात, त्या घरात नको ते घडल्यावर बोलायला तोंड फुटण्याची शक्यता अधिक असते.

मुलाचा फोन चोरून पाहावा काय, याविषयी मतभेद आहेत. नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती आईचा फोन असेल, तर त्यात काय चालले आहे हे आईने पाहणे स्वाभाविकच आहे. सोळा वर्षांच्या मुलीचे संदेश ती झोपल्यावर वाचणे ही वेगळी गोष्ट होय. ते एकदा उघडकीस आले की मुलगी कुलूप बदलते, आणि नंतरचे कुलूप कधीच सापडत नाही. पाहायचेच असेल तर सांगून पाहावे, तिच्या शेजारी बसून पाहावे. काय पाहिले जाईल आणि काय नाही, हे आधी ठरवावे. वय वाढेल तशी ही पाहणी कमी करत न्यावी. मुलांचा विश्वास राखण्याची ही किंमत काही पालकांना जास्त वाटेल. पण गुप्तपणे मिळवलेल्या माहितीचा उपयोग तरी कसा करणार? ती कोठून मिळाली हे सांगितल्याशिवाय त्याविषयी बोलताच येत नाही.

आणि एवढे करूनही एके दिवशी मूल रडत येते, तेव्हा काय करावे? पहिल्या मिनिटाला पालकांच्या तोंडून जे बाहेर पडते, त्यावर पुढचे बरेच अवलंबून असते. ‘सांगितलेस, बरे केलेस’ असे म्हणून मुलाला जवळ बसवावे. दोष कोणाचा, हे नंतर पाहता येते. धमकावणाऱ्याला पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते. रागाच्या भरात संदेश पुसून टाकू नयेत, कारण तोच पुरावा असतो. खात्याचे नाव, दुवा, तारीख आणि वेळ दिसेल अशा रीतीने संभाषणाचे स्क्रीनशॉट जपावेत आणि मग त्या खात्याला रोखावे. एक चूक मात्र घाबरलेले पालक हटकून करतात. सल्ला घेण्यासाठी म्हणून मुलीचे आक्षेपार्ह छायाचित्र ते नागपूरच्या काकांना, पुण्याच्या मामांना पाठवतात. असे करू नये. मुलांचे अश्लील चित्र पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, हे एक. आणि दुसरे म्हणजे, जे चित्र थांबवायचे आहे त्याच्या प्रती घरूनच वाढतात.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला पॉक्सो म्हणतात, तो या बाबतीत पालकांना फारसा माहीत नसतो. मुलाच्या शरीराचे चित्र, खरे असो वा बनावट, प्रसिद्ध करण्याची धमकी देणे हा या कायद्याने लैंगिक छळ ठरवला आहे. पोलीस ठाण्याच्या भीतीने अनेक जण तक्रारच करत नाहीत. त्यांनी या कायद्यातील पुढील तरतुदी अवश्य जाणून घ्याव्यात. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो. शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने तो घ्यावा आणि जबाब घेताना अधिकारी गणवेशात नसावा, असे कायदा सांगतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचे नाव, पत्ता, शाळा प्रसिद्ध करण्यास वृत्तपत्रांना मनाई आहे. ज्या बदनामीला पालक भितात, तिच्यापासून मुलाला वाचवण्याचा विचार कायद्याने आधीच केलेला आहे.

तक्रार घरबसल्याही करता येते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर महिला व बालकांविषयीच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे आणि तेथे नाव न देताही माहिती नोंदवता येते. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. छायाचित्र पसरण्याची भीती असेल, तर ‘टेक इट डाउन’ नावाची एक विनामूल्य सेवा २०२३ पासून उपलब्ध आहे. अमेरिकेतील एक बालसंरक्षण संस्था ती चालवते. तिची रीत मोठी युक्तीची आहे. छायाचित्र कोणाकडे पाठवावे लागत नाही. ते मुलाच्या फोनवरच राहते आणि त्यावरून अंकांची एक खूण तयार होते, जणू त्या चित्राचा अंगठ्याचा ठसा. तेवढी खूण सहभागी कंपन्यांना दिली जाते. त्या खुणेशी जुळणारे चित्र त्यांच्या संकेतस्थळांवर आढळले की त्यांना ते काढून टाकता येते. अठरा वर्षांखाली असताना काढलेल्या छायाचित्रांसाठी ही सोय आहे.

उरतो प्रश्न घरापासून दूर राहणाऱ्या मुलांचा. गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव या रेल्वेमार्गावरच्या गावांतून, बस्तरच्या अंतर्भागातून मुले शिक्षणासाठी रायपुरात येतात. वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांतली कित्येक सोळा-सतरा वर्षांची असतात. एकटेपणामुळे मोबाइलवरची मैत्री त्यांना लवकर जवळची होते. मुलीला पोचवायला आलेले वडील खोलीची कडी, पंखा, नळाला पाणी किती वेळ येते, हे सारे पाहून घेतात. निघताना ‘फोनचा नाद करू नकोस’ असे बजावतात आणि गाडी गाठतात. त्या चार शब्दांमुळे पुढे सहा महिन्यांनी ती मुलगी घरी फोन करायला कचरते. ‘काही झाले तर रात्री दोनलाही फोन कर, रागावणार नाही’ असे सांगायला तेवढाच वेळ लागतो. वसतिगृह चालवणाऱ्यांनाही येथे जबाबदारी टाळता येणार नाही. मुलावर असा गुन्हा झाल्याचे कळले, तर ते पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. संस्थेचे नाव खराब होईल म्हणून प्रकरण दडपणारा स्वतःच अपराधी ठरतो. आणि ज्या मुलाला वडिलांशीही बोलता येत नाही, वसतिगृहाच्या अधीक्षकांशीही नाही, त्याच्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. ही बालकांसाठीची मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे देशभर पोचली. ती दिवसरात्र चालते आणि तिला पैसे पडत नाहीत. भोजनगृहाच्या भिंतीवर, जेवणाच्या वेळापत्रकाशेजारी, तो क्रमांक ठळक अक्षरांत लिहून ठेवायला एक रंगाचा डबा पुरतो.